‘वारं गेलं’ म्हणजे काय, हे यंत्राला कोण सांगणार?

एखाद्या विषयाचे नाव जितके लांब, तितका तो आपल्यासाठी नाही, असा एक समज आपल्या कला शाखेत रूढ झालेला आहे. ‘वैद्यकीय उपयोगांसाठी बहुमाध्यमी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण’ हे असेच एक लांबलचक नाव. ते कानी पडताच आपण तो विषय अभियांत्रिकीच्या किंवा वैद्यकीच्या विद्यार्थ्यांकडे सरकवून मोकळे होतो. कथा, कविता, प्रवासवर्णने आणि संतसाहित्यावरील लेख यांनी सजलेल्या आपल्या वार्षिकांकात हा रुक्ष विषय कशाला, असेही कुणी विचारील. मी स्वतः मराठी विषय घेऊन तृतीय वर्षात शिकत आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, माझे स्पष्ट मत असे आहे की हा विषय आपल्या महाविद्यालयात आला पाहिजे, तो हाताने करून शिकवला गेला पाहिजे, आणि त्यात भाषेच्या विद्यार्थ्याला घरच्या माणसाइतका वाटा मिळाला पाहिजे. असे मत होण्याची कारणे मी पुढे मांडतो. ती पटली नाहीत तर वाचकांनी जरूर वाद घालावा. वार्षिकांक हे त्यासाठीच असते.

प्रथम ‘बहुमाध्यमी’ म्हणजे काय ते पाहू. आपल्या जुन्या वैद्यांनी रोगपरीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्य रोग्याचा चेहरा, जीभ, डोळे पाहतो. नाडी धरतो, पोट चाचपतो. आणि शेवटी विचारतो, ‘काय होतंय बाबा, कधीपासून होतंय?’ आजचा डॉक्टर यात स्टेथस्कोप, एक्स-रे, रक्ताची तपासणी, हृदयाचा आलेख यांची भर घालतो. पण पद्धत तीच. पाहिलेले, ऐकलेले, मोजलेले आणि रोग्याने सांगितलेले असे सारे एकत्र करून तो निदान करतो. यांपैकी एकट्या गोष्टीवर विसंबणारा डॉक्टर फसतो. एक्स-रेवर डाग दिसला तर तो आजचा की दहा वर्षांपूर्वी भरून आलेल्या क्षयाचा, हे रोग्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

आजवरची बहुतेक वैद्यकीय संगणकयंत्रणा एकेंद्रिय होती. एखादी फक्त चित्र पाही, एखादी फक्त आकडे वाची. बहुमाध्यमी यंत्रणा चित्र, आवाज, आकडे आणि शब्द यांना एकत्र आणू पाहते. हे कसे साधते, तेही फार गूढ नाही. चित्राचे बारीक चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाचे आकडे करतात. शब्दांचेही आकडे करतात. मग चित्र व त्याचे वर्णन अशा असंख्य जोड्या यंत्रापुढे ठेवतात. जे वर्णन ज्या चित्राचे, त्या दोहोंचे आकडे एकमेकांजवळ यावेत आणि जे ज्याचे नाही ते दूर जावेत, असा यंत्राला सराव देतात. अमेरिकेतील ओपनएआय या संस्थेने २०२१ साली ‘क्लिप’ नावाची यंत्रणा चाळीस कोटी जोड्यांवर अशीच शिकवली. वैद्यकात चित्राच्या जागी एक्स-रे आणि वर्णनाच्या जागी डॉक्टरांचा अहवाल येतो, एवढाच फरक. २०२५ साली गूगलने ‘मेडजेमा’ नावाची प्रारूपे अभ्यासकांना खुली केली. ती एक्स-रे व मजकूर दोन्ही एकत्र वाचतात. म्हणजे पूर्वी केवळ मोठ्या प्रयोगशाळेत असलेली वस्तू आता आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षापर्यंत येऊन ठेपली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या यंत्राचे शिक्षण चित्र आणि शब्द यांच्या लग्नगाठीवर उभे आहे. ज्याच्या चित्रांवर ते शिकले त्याचे शरीर ते ओळखते; ज्याच्या शब्दांवर ते शिकले त्याची भाषा ते जाणते. जगभरचे विद्यार्थी ज्या संग्रहावर हात बसवतात, तो बोस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचा आहे. त्यात ३,७७,११० एक्स-रे चित्रे आणि त्यांचे अहवाल आहेत. २०१९ साली रुग्णांची नावे काढून टाकून तो अभ्यासकांना खुला करण्यात आला. संग्रह उत्तमच आहे. पण ती चित्रे एका दूरच्या शहरातील, आणि अहवाल इंग्रजीतले. पालमच्या किंवा सोनपेठच्या माणसाचे दुखणे त्यात कोठून असणार?

कुणी म्हणेल, ‘ही यंत्रे येतील तेव्हा पाहू.’ पण ती येऊन ठेपली आहेत. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेली क्यूअर डॉट एआय ही कंपनी छातीचा एक्स-रे वाचून क्षयाची शंका दाखवणारी प्रणाली बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयचाचणीसाठी संगणकाने एक्स-रे वाचण्याच्या पद्धतीला मान्यता दिली. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ३४७ जिल्ह्यांत क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आणि संगणकीय वाचन यांचा उपयोग करण्यात आला. मुंबईच्याच वाधवानी एआय या संस्थेत आशा कार्यकर्तीने मोबाईलवर घेतलेल्या छोट्या चित्रफितीवरून नवजात बालकाचे वजन अंदाजण्याचे काम झाले आहे. तेव्हा हे यंत्र आपल्या गावात येईल की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते येईल तेव्हा त्याला नीट प्रश्न विचारणारा माणूस गावात असेल की नाही, हा खरा प्रश्न आहे.

असा माणूस व्याख्यानाने तयार होत नाही, याचा महाराष्ट्रातील सर्वांत चांगला दाखला गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती आणि डॉक्टर दूर होता. मूल मिनिटाला किती श्वास घेते, हे मोजले तर न्यूमोनियाची शंका वेळीच घेता येते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास साठ किंवा त्याहून अधिक, एक वर्षाच्या आतील मुलाचे पन्नास किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक, अशी ती मर्यादा आहे. पण गावातील सुईणींना तेवढे आकडे मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांच्यासाठी मण्यांचे श्वासमापक तयार करण्यात आले. वाळूचे घड्याळ उलटे करायचे, श्वास पाहत मणी सरकवायचे, आणि लाल मण्यापर्यंत पोचलो की समजायचे, हे मूल धोक्यात आहे. या कामाचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. पुढे गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्या सुईणीला न्यूमोनियाचे जंतुशास्त्र ठाऊक नव्हते. पण ते साधन तिच्या हातात होते, ते तिच्या हाताच्या मापाने घडवले होते, आणि ते खरे बोलते की नाही हे ती रोज डोळ्यांनी पडताळत होती. छातीकडे पाहणे, मणी सरकवणे आणि आईला विचारणे या तिन्ही गोष्टी ती एकत्र करीत होती. बहुमाध्यमी परीक्षा यापेक्षा वेगळी काय असते? आज आपल्यापुढे येणारे यंत्र मण्यांच्या माळेपेक्षा कितीतरी पट गुंतागुंतीचे आहे. म्हणून तर ते हाताळून पाहण्याची गरज अधिकच आहे.

हाताळल्याशिवाय काय निसटते, ते दाखवणारी उदाहरणे पुष्कळ आहेत. २०१८ साली अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रणालीची तपासणी झाली. ज्या रुग्णालयांच्या चित्रांवर ती शिकली तेथे तिने उत्तम गुण मिळवले. बाहेरच्या रुग्णालयाच्या चित्रांवर मात्र तिचे गुण घसरले. शोध घेता असे आढळले की एक्स-रे कोणत्या रुग्णालयात काढला, हे असे यंत्र जवळजवळ बिनचूक ओळखू शकते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण पुष्कळ, दुसऱ्यात थोडे. मग रुग्णालय ओळखले की अर्धे उत्तर आयतेच मिळते. परीक्षेत पर्यवेक्षकाच्या चेहऱ्यावरून उत्तर ताडणारा विद्यार्थी आणि हे यंत्र यांत मला फरक दिसत नाही. करोनाच्या काळात एक्स-रे व सी.टी. स्कॅनवरून त्या रोगाचे निदान करणाऱ्या प्रणालींचे पीक आले. २०२१ साली अभ्यासकांनी त्यांपैकी ६२ निवडक संशोधने बारकाईने तपासली, तेव्हा रुग्णांवर वापरण्याजोगे एकही आढळले नाही.

थायलंडमधला अनुभव तर आपल्या तालुक्यांना अगदी जवळचा वाटावा असा आहे. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम ओळखणारी गूगलची प्रणाली तेथील सरकारी दवाखान्यांत लावण्यात आली. प्रयोगशाळेत ती पक्की होती. पण दवाखान्यात खोली पुरेशी अंधारी करता येत नव्हती आणि इंटरनेट रखडत होते. परिचारिकांनी काढलेल्या चित्रांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक चित्रे यंत्राने नाकारली आणि अशा रुग्णांना पुन्हा दुसऱ्या दवाखान्यात जाण्यास सांगावे लागले. हा अहवाल २०२० चा आहे. रोजगार बुडवून, एस.टी.चे भाडे भरून आलेल्या माणसाला ‘चित्र नीट आले नाही, परत या’ असे सांगणे म्हणजे काय, हे जिंतूर-गंगाखेडच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. त्याच वर्षी अमेरिकेत असेही दिसून आले की बोटाला लावायचे प्राणवायूमापक यंत्र काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये प्राणवायूची धोकादायक कमतरता गोऱ्यांच्या तुलनेने जवळजवळ तिप्पट वेळा चुकवते. आपल्या कातडीचा रंग पाहता ही बातमी आपण परकी मानू शकत नाही.

आता शिकवण्याच्या पद्धतीविषयी. गेल्या उन्हाळ्यात मी एका मोठ्या शहरात याच विषयाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो होतो. जाहिरातीत ‘प्रत्यक्ष कृती’ असे ठळक अक्षरांत छापले होते. प्रत्यक्षात दोन्ही दिवस पडद्यावर चित्रे सरकत राहिली, वक्ते बदलत राहिले आणि चहा वेळेवर मिळत राहिला. ज्या संगणकांना आम्ही हात लावायचे होते त्यांची खोली अखेरपर्यंत उघडली गेली नाही. समारोपाला मात्र सर्वांना सोनेरी काठाचे प्रमाणपत्र मिळाले. पोहण्याच्या वर्गात पाण्याचे चित्र दाखवून घरी पाठवावे, तसाच हा प्रकार. आपल्याकडे प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि विद्या दाराबाहेरच राहते, हे दुखणे जुने आहे. नव्या विषयालाही ते जडू नये, ही माझी कळकळ आहे.

परत आल्यावर आम्ही चौघांनी, त्यात एक संगणकशास्त्राचा आणि तिघे कला शाखेचे, फुकट मिळणारे एक तयार प्रारूप आणि नावे काढलेले, सर्वांना खुले असलेले काही एक्स-रे घेऊन स्वतःच खटपट केली. आमचे साधन म्हणजे महाविद्यालयातील दोन जुने संगणक आणि इंटरनेटवर थोडा वेळ फुकट वापरायला मिळणारी गणनशक्ती. त्यातला एक प्रयोग सांगतो, कारण तो कुणालाही करता येईल. एक्स-रेच्या चित्रावर एक छोटा काळा चौकोन ठेवायचा, यंत्राला विचारायचे, चौकोन थोडा सरकवायचा, पुन्हा विचारायचे. फुफ्फुसावरील डाग झाकल्यावर यंत्राचा आकडा खाली आला तर समजावे की ते डागाकडेच पाहत होते. एका चित्रात मात्र कोपऱ्यातील डावे-उजवे दाखवणारे अक्षर झाकताच आकडा हलला. आमच्यापैकी इतिहासाची विद्यार्थिनी लगेच म्हणाली, ‘म्हणजे हा साक्षीदार ऐकीव बोलतो आहे!’ अवघ्या अर्ध्या तासात ती जे शिकली, ते दोन दिवसांच्या व्याख्यानांत कुणी शिकवले नव्हते. साक्षीपुरावा तपासण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासाने तिला आधीच लावलेली होती. येथे फक्त साक्षीदार नवा होता.

यानंतर आमची गाडी शब्दांकडे वळली, आणि येथे मला आमच्या मराठी विभागाचे खरे काम दिसले. आम्ही घरच्या, गल्लीतल्या वडीलधाऱ्यांना विचारून दुखण्याची वाक्ये एका वहीत उतरवली. कुणाचे नाव लिहिले नाही, कुणाचा आजार लिहिला नाही, फक्त शब्द. ‘पोट जायलंय’, ‘डोळे आलेत’, ‘दिवस गेलेत’, ‘अंगात कसर वाटायली’, ‘ढास लागली’, ‘नागीण झाली’, ‘अंगावरून वारं गेलं’. ही वाक्ये आम्ही एका भाषांतर करणाऱ्या यंत्रणेला दिली. न्याय्यपणे सांगायचे तर काही तिने अचूक ओळखली. ‘डोळे आलेत’ म्हणजे डोळ्यांची साथ, हे तिला कळले. पण ‘अंगात कसर’ म्हणजे बारीक ताप, याऐवजी तिने शरीरात काहीतरी कमी पडले आहे असा अर्थ लावला. ‘दुखायलंय’ हे आपल्या मराठवाड्याचे साधे चालू वर्तमानकाळाचे रूप. पुण्याच्या पुस्तकात ते ‘दुखते आहे’ असे असते. हे रूप पाहून यंत्रणा अडखळली. आणि ‘अंगावरून वारं गेलं’ या वाक्यावर तिने शरीरावरून वाऱ्याची झुळूक गेल्याचे सुरेख वर्णन केले.

वाचकहो, येथे हसू येते, आम्हीही हसलो. पण क्षणभर थांबून विचार करावा. अंगावरून वारे जाणे म्हणजे अर्धांगवायू, पक्षाघात. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून आलेल्या पक्षाघातावर गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उद्या एखाद्या खेड्यातून म्हाताऱ्या सासूबाईंसाठी सून मोबाईलवरील आरोग्ययंत्राशी बोलेल, तोंड वाकडे झालेले छायाचित्रही पाठवील, आणि म्हणेल, ‘आत्याबाईंच्या अंगावरून वारं गेलं.’ चित्र आणि शब्द यांची सांगड घालणाऱ्या यंत्राला शब्दच उलगडला नाही, तर चित्रही अर्धे आंधळे होईल. तेथे गेलेला एक तास कोणत्याही शब्दकोशाने परत मिळणार नाही. बोलीचा अभ्यास ही केवळ हौसेची किंवा परीक्षेतील पाच गुणांची गोष्ट नाही, हे मला त्या वहीने शिकवले.

दुखण्याच्या छटा तर विचारूच नयेत. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, सणक वेगळी. जळजळ आणि भगभग यांतही आपली आजी फरक करते. जाणता डॉक्टर या फरकावरून दुखणे हाडाचे, आतड्याचे की शिरेचे, याचा पहिला अंदाज बांधतो. या साऱ्या शब्दांना ‘दुखणे’ या एकाच खुंटीला टांगले तर यंत्राला मिळणारी निम्मी माहिती आपणच फेकून दिली असे होईल. शिवाय काही गोष्टी बायका सरळ बोलतच नाहीत. ‘अंगावर जातं’ एवढेच सांगतात आणि गप्प बसतात. त्या अर्धवट वाक्याचा अर्थ कळायला व्याकरण पुरत नाही, घर माहीत असावे लागते.

यावर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा, की कला शाखेच्या मुलांना गणित येत नाही, ती यंत्र काय घडवणार? माझे म्हणणे यंत्र घडवण्याविषयी नाही. ते तपासण्याविषयी आहे. घर बांधणारा गवंडी वेगळा असतो, पण छत गळते हे सांगायला घरात राहणारा लागतो. जे थोडे गणित लागते, ते करता करता येते. टक्केवारी समजणाऱ्याला हे शिकवता येईल: शंभर आजाऱ्यांपैकी यंत्राने किती पकडले आणि शंभर धडधाकटांपैकी किती जणांना उगाच घाबरवले, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. एवढे पक्के झाले तरी जाहिरातीतील ‘अचूकता पंच्याण्णव टक्के’ या शब्दांनी आपण भुलणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजार ही माणसाची खाजगी गोष्ट आहे. मुलांच्या हाती ती देणे योग्य होईल काय? मुळीच नाही, आणि तशी गरजही नाही. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नीतीचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. शिकणाऱ्यांनी खुल्या, नावे काढलेल्या संग्रहांवरच काम करावे. मी वर सांगितलेला बोस्टनचा संग्रहसुद्धा संशोधननीतीचा पाठ पुरा करून, करारावर सही केल्याशिवाय मिळत नाही. ही अट मला शिक्षणाचाच भाग वाटते. दवाखान्यातील फलकाचा, शेजाऱ्याच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून पुढे धाडण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती या पाठाने सुटली तर तेवढाच लाभ मोठा. आणि संमतिपत्राचे काय? रुग्णाने ज्यावर अंगठा उठवायचा तो कागद त्याला समजेल अशा मराठीत असला पाहिजे. ते लिहिणे हेही भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

तिसरा आक्षेप असा, की गावात डॉक्टर हवा, यंत्राच्या गप्पा कशाला? हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. यंत्र आले म्हणून डॉक्टरची जागा रिकामी ठेवण्याची सबब कुणाला मिळता कामा नये. पण ती सबब कोण ओळखणार? ज्याने यंत्र चालवून, चुकवून, त्याच्या मर्यादा पाहिल्या आहेत तोच ठामपणे म्हणू शकेल की हे काम याचे नाही, येथे माणूसच हवा. न वापरता केलेली निंदा आणि न वापरता केलेली स्तुती, दोन्ही सारख्याच पोकळ.

परभणी जिल्ह्यात या शिक्षणाची सामग्री नाही, असेही म्हणता येत नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली यंत्रमानव, ड्रोन आणि डिजिटल शेती यांचे प्रशिक्षण झालेले आहे. पिकाचे पान पाहून रोग ओळखणे आणि छातीचा एक्स-रे पाहून रोग ओळखणे, यांमागील विद्या एकच आहे. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील वैद्याचा रुग्ण तर बोलतच नाही. पाहणे, चाचपणे आणि मालकाच्या तोंडचे वर्णन यांवरच त्याची सारी भिस्त. बहुमाध्यमी परीक्षेचा मुलखावेगळा धडा तेथे मिळेल. २०२३ साली परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे वैद्यकीचे विद्यार्थी आता आपले शेजारी आहेत. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला जागा दिलेली आहे. आपण ती जागा बहुधा घाईघाईने भरलेल्या प्रश्नावल्यांनी भरतो. ती अधिक चांगल्या रीतीने भरता येईल.

माझी सूचना अगदी साधी आहे. दर शनिवारी दुपारी दोन तास, असे बारा शनिवार. कला, विज्ञान व शक्य झाल्यास वैद्यकीय महाविद्यालय यांतील विद्यार्थी तिघा-चौघांच्या गटात बसतील. पहिल्या काही बैठकांत चित्राचे आकडे कसे होतात, आवाजाचे चित्र कसे होते, हे प्रत्येकाने स्वतः करून पाहावे. मग खुला संग्रह घेऊन यंत्राची परीक्षा घ्यावी. काळ्या चौकोनाचा प्रयोग प्रत्येक गटाने करावा. नंतर शब्दांची पाळी. पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा अशा प्रत्येक तालुक्याच्या मुलांनी आपल्या भागातील दुखण्याचे शब्द जमवावेत. डॉक्टरांनी त्यांचा वैद्यकीय अर्थ तपासून द्यावा. शेवटच्या बैठकीत प्रमाणपत्रे वाटू नयेत. त्याऐवजी प्रत्येक गटाने ‘यंत्र कोठे चुकले आणि का’ यावर दोन पाने लिहून वाचावीत. या पानांचा व शब्दांचा संग्रह पुढील वर्षाच्या मुलांनी पुढे न्यावा. चार-पाच वर्षांत परभणी जिल्ह्याचा दुखण्याच्या शब्दांचा एक विश्वसनीय कोश तयार होईल. तो डॉक्टरांच्या कामी येईल, भाषाशास्त्राच्या कामी येईल आणि यंत्र शिकवणाऱ्यांच्याही कामी येईल. त्यासाठी लागणारा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाइतकाही होणार नाही.

हा कोश कुणाला व कोणत्या अटीवर द्यायचा, हेही मग आपणच ठरवावे. आपले शब्द घेऊन कुणी यंत्र बनवील आणि तेच आपल्याला विकत देईल, असे होणे अशक्य नाही. शेतकऱ्याचा कापूस स्वस्तात जातो आणि कापड महाग होऊन परत येते, हा अनुभव या कापसाच्या मुलखाला नवा नाही. शब्दांच्या बाबतीत तरी आपण आधीच सावध असावे. सावधपणासाठीही आधी आपल्याजवळ काय आहे, याची मोजदाद हवी.

आपल्या पिढीवर असा आरोप केला जातो की ती मोबाईलवर बोट फिरवण्यापलीकडे हाताचा उपयोग जाणत नाही. हा आरोप खोडून काढायला भाषण उपयोगी पडणार नाही, काम लागेल. यंत्रापुढे हात जोडून बसणारे आणि यंत्राच्या नावाने बोटे मोडणारे, असे दोन पंथ आज दिसतात. गडचिरोलीच्या सुईणीने तिसरा मार्ग दाखवून ठेवला आहे: साधन हाती घ्यावे, ते आपल्या मापाचे करून घ्यावे आणि रोज पडताळावे. आपल्या गावची म्हातारी ज्या शब्दांत आपले दुखणे सांगते, ते शब्द आपल्याला येतात. अभियंत्याला ते येत नाहीत, बोस्टनच्या डॉक्टरला येत नाहीत आणि यंत्राला तर नाहीच नाहीत. आपल्या पदवीची ही शिदोरी लहान नाही. येत्या वर्षी, पहिल्या सत्राच्या पहिल्याच शनिवारी, संगणक कक्षाची किल्ली मागायला मी जाणार आहे. ज्यांना हे पटले असेल त्यांनी एक कोरी वही घेऊन सोबत यावे.